भाषणातला भाऊ

"माझा सख्खा थोरला भाऊ आजही लॉन्ड्रीत चादरी धुतो!"

हे वाक्य देशात ऐकलं नाही असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. पोरांना पाढे येत नसतील, पण हे वाक्य येत होतं. साहेब ते भाषणाच्या शेवटाकडे बोलायचे. आधी थांबायचे, पाण्याचा घोट घ्यायचे, आवाज खाली आणायचे, मग बोलायचे. पुढे टाळ्या ठरलेल्या. माझ्या राज्यात माझ्या घरच्यांनाच काही मिळत नाही, तर तुमच्या वाटणीचं कोण खाईल, असा त्याचा अर्थ. आणि खोटं कशाला बोला, वाक्य जवळजवळ खरं होतं. भाऊ होता, सख्खा होता, थोरला होता. चादरी मात्र तो धूत नव्हता, तो इस्त्रीच्या रोलरवर होता. पण 'माझा भाऊ रोलरमधून चादर ओढतो' असं म्हटल्यावर टाळी कोण देणार?

घरात आणि कामावर त्याला सगळे दादा म्हणत. कामावरचे चावट लोक 'थोरले साहेब' म्हणत, तेही प्रेमानंच.

लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान समजू नका. लांबच लांब पत्र्याची शेड, आणि इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल यांचे ढीग. मळक्या ढिगात काय काय निघायचं! सुया, चमचे, एकदा तर कुणाची तरी कवळी निघाली आणि ती परत न्यायला कुणी आलंच नाही. ढिगातून कपडे ढोलात जायचे. माणूस उभा मावेल एवढे लोखंडी ढोल, सोडा नि ब्लीच पोटात घेऊन दिवसभर घुमायचे. तिथून पिळायच्या यंत्रात, आणि शेवटी वाफेच्या रोलरवर. अलीकडून दोघांनी ओल्या चादरीची टोकं रोलरच्या तोंडात द्यायची, पलीकडून दोघांनी ती तापलेली, कडक झालेली चादर ओढायची आणि घड्या घालायच्या. दादा पलीकडे असायचा. पलीकडची बाजू गरम. तिथे उभं राहिलं की हाताची कातडी आधी भाजते, मग जाड होते, मग तिला काही कळेनासं होतं. डॉक्टरनं एकदा टाचणी टोचून पाहिली होती. "लागतंय?" "नाही." "इथे?" "नाही." "अहो, मग काळजी घ्या!" दादा म्हणाला, "बरं."

हा 'बरं' त्याचा जुना होता. तो कुठून सुरू झाला ते सांगायला हवं.

आईबाप लागोपाठ गेले तेव्हा दादाला मिसरूडही फुटलं नव्हतं आणि धाकटा तर पाटीवर रेघोट्या ओढत होता. दादानं शाळा सोडली नि लॉन्ड्री धरली. याला लगेच त्याग बिग म्हणू नका. दादाला शाळा आवडतच नव्हती, त्यामुळे त्या बाबतीत सुंठीवाचून खोकला गेला. धाकटा मात्र पुस्तकातला किडा. हिवाळ्यात त्याचे पाय बर्फासारखे गार पडायचे, तेव्हा दादा कामावरून आला की घमेल्यात कढत पाणी ओतायचा, त्यात गार मिसळायचा, हातानं अंदाज घ्यायचा आणि म्हणायचा, "हं, घाल पाय." धाकटा पाय घालून मोठ्यानं धडे वाचायचा. दादा ऐकता ऐकता झोपून जायचा. दोघा भावांचं एवढंच होतं, पण घट्ट होतं.

तोच धाकटा पुढे मोठा झाला, चळवळीत पडला, तुरुंगात जाऊन आला, आणि पहिल्या निवडणुकीला उभा राहताना दादाकडे येऊन म्हणाला, "दादा, भाषणात तुझं नाव घेतलं तर चालेल?"

"बरं," दादा म्हणाला. वर म्हणाला, "त्यात काय."

त्या पहिल्या सभेला तो गर्दीत उभा होता. वाक्य आलं, टाळ्या पडल्या, शेजारच्या कुणीतरी ओळखलं आणि माना वळल्या. दादाचे कान लालबुंद झाले. त्या दिवशी त्याला इतकं बरं वाटलं होतं की घरी येईपर्यंत तो उगाचच हसत होता. नवीनच लग्न झालेली बायको म्हणाली, "एवढं काय झालं? नाव घेतलं, सोन्याचा हंडा नाही दिला." बायकोची जीभ पहिल्यापासूनच धारदार. पण जीभ धारदार असली तरी डोकं त्याहून धारदार होतं, हे दादाला फार उशिरा कळलं.

धाकटा निवडून आला. पुढे आणखी वर चढत गेला, पार शेवटच्या पायरीपर्यंत. त्याचे साहेब झाले. आणि वाक्यही त्याच्याबरोबर वर चढत गेलं.

मग लॉन्ड्रीतला म्हातारा मुकादम काम सोडून गेला. मुकादमाला काचेची खोली, खुर्ची, पंखा. जागा दादाचीच होती. सगळ्यांत जुना तो, सगळी यंत्रं ठाऊक असलेला तो. मालक स्वतः येऊन सांगून गेले. दुसऱ्याच दिवशी दादाच्या दारात एक गाडी उभी राहिली आणि साहेबांचे सचिव उतरले. गोल चष्मा, गुळगुळीत दाढी, आणि बोलणं असं मऊ की कान पुढे करावा लागे. दादाची बायको त्यांना 'चष्मेवाले' म्हणे.

"अभिनंदन," चष्मेवाले म्हणाले. "तुमच्या कष्टाचं फळ आहे. फक्त आत्ता नको. निवडणूक तोंडावर आहे. लोक म्हणतील, साहेबांनी भावाला खुर्ची दिली. निवडणूक झाली की बघू."

"खुर्ची मालक देतायत," बायको आतून म्हणाली. "साहेब कुठे देतायत?"

"ते आपल्याला माहीत आहे, वहिनी," चष्मेवाले म्हणाले. "लोकांना कुठे माहीत आहे?"

दादा म्हणाला, "बरं."

आता निवडणुकांचं काय, एक गेली की दुसरी येतेच. मुकादम झाला लंबू. त्याला चादरीचं टोक कसं धरायचं हे दादानंच शिकवलेलं. बिचारा लंबू पहिल्या दिवशी काचेच्या खोलीतून बाहेर येऊन म्हणाला, "दादा, तुम्ही बसा ना आत, मी रोलर बघतो." दादा म्हणाला, "तू बस रे. तुझी उंची आहे, काचेतून लांबचं दिसेल." सगळे हसले. दादाही हसला.

त्यानंतर कामगारांसाठी नवी घरं बांधली गेली, आणि दादाची पाळी आली तशी गेली, कारण तेच. जुन्या दोन खोल्यांची उत्तरेची भिंत बारा महिने ओली. बायको त्या भिंतीला पाठ लावून टीव्हीवर दिराचं भाषण ऐकायची आणि साहेबांनी पाण्याचा घोट घेतला की म्हणायची, "चला, आला तुमचा नंबर." वाक्य होऊन टाळ्या पडल्या की म्हणायची, "आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना! धुवा चादरी!"

साहेबांचं स्वतःचं घर तरी कुठे सुखाचं होतं? त्यांची बायको त्यांच्या साधेपणाला कंटाळून मुलाला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. एवढ्या मोठ्या सरकारी बंगल्यात साहेब मागच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. मासिकवाले त्या दोन खोल्यांचे फोटो छापायचे आणि शेजारच्या पानावर दादाचा. एकदा फोटोवाले आले तेव्हा दादानं लग्नातला चांगला सदरा घातला होता. ते म्हणाले, "हा नको. रोजचा घाला. आणि जरा ढोलापाशी उभे राहा." दादा म्हणाला, "मी रोलरवर असतो." ते म्हणाले, "ढोल चांगला दिसतो." दादा सदरा बदलून ढोलापाशी जाऊन उभा राहिला.

तुम्ही म्हणाल, माणूस आहे की दगड? चिडत कसा नाही? चिडायचा की! मुकादमकी गेली तेव्हा चिडला होता, घर गेलं तेव्हाही. पण रागाला कुठे तोंडच नाही. मालक चांगले, लंबू चांगला, चष्मेवाले नम्र, आणि भाऊ तर असा प्रामाणिक की त्याच्यावर बोट ठेवावं तर आपलंच बोट घाणेरडं दिसावं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. राग यायचा, इकडेतिकडे बघायचा आणि परत जायचा. पुढे पुढे त्यानं यायचंच सोडलं. दादा सकाळी उठायचा, कामावर जायचा, जेवायचा, झोपायचा. कुणी विचारलं कसं आहे, तर म्हणायचा बरं आहे.

त्याला एकच लेक. ही पोर काकांवर गेली होती, म्हणजे पुस्तकातला किडा. लहानपणी बापाला विचारायची, "बाबा, ब्लीच घातलं की डाग जातो कुठे?" बाप म्हणायचा, "पाण्यात." "आणि पाणी जातं कुठे?" बापाला पुढचं येत नसे. पोरीनं पुढचं स्वतः शिकून घेतलं. रसायनशास्त्र घेतलं, शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेसाठी परीक्षा दिली आणि अख्ख्या देशात पहिली आली. प्यायच्या पाण्यात काय काय मिसळतंय ते शोधायचं, हेच तिला करायचं होतं. दुसरं काही नाही.

मुलाखतीला तिघे जण बसले होते. तिघांनी तिचं आडनाव वाचलं आणि तिघेही घाबरले. घ्यावी, तर उद्या कुणी म्हणेल साहेबांची पुतणी म्हणून घेतली, आणि तेच साहेबांच्या कानावर गेलं तर? त्यांनी साहेबांच्या कचेरीत विचारून पाहिलं. उत्तर आलं नाही. उत्तर येत नाही म्हणजे 'नको' असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. न सांगता समजून घेतो तोच वर चढतो, हा कचेऱ्यांचा जुना नियम. जागा दुसऱ्या नंबरच्या मुलाला गेली. साहेबांनी 'नाही' म्हटलं नव्हतं, कुणीच म्हटलं नव्हतं. तरी नाही झालं.

पोर रडली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली, पुन्हा पहिली आली, पुन्हा तेच. मधल्या काळात एका रंगाच्या कारखान्यानं तिला मोठ्या पगारावर बोलावलं. ती चौकशी करून आली आणि म्हणाली, "त्यांचं घाण पाणी नदीत जातं. त्यांना मी नकोय, काका हवेत." जो दार उघडत होता तो काकांमुळे, जो लावून घेत होता तोही काकांमुळेच.

तिसऱ्या वर्षी ती पहिलीच आली. आणि हे शेवटचं वर्ष होतं, यापुढे वय बसत नव्हतं. जागा एकच, मुलाखत महिन्याअखेरीस.

त्या दिवशी बायकोनं दादाच्या पुढ्यातलं ताट बाजूला सरकवलं. "ऐका. तुमची खुर्ची गेली, मी बोलले आणि गप्प बसले. घर गेलं, बोलले आणि गप्प बसले. पोरीचं गेलं तर मी गप्प बसणार नाही. भावाकडे जा."

"काय मागू त्याच्याकडे?"

"काही मागू नका! काही द्या म्हणू नका. फक्त त्या तिघांना एवढंच सांग म्हणावं, की आडनावाकडे बघू नका, गुण बघा. एवढं सांगायला काय पैसे पडतात?"

"आई, नको," लेक म्हणाली.

"तू गप्प बस."

दादानं ते वाक्य पाठ केलं. रोलरवर चादर ओढताना तो ओठ हलवत होता. आडनावाकडे बघू नका, गुण बघा. लंबूनं काचेतून पाहिलं आणि त्याला वाटलं दादा देवाचं काहीतरी म्हणतोय.

रविवारी सकाळी तो बंगल्यावर गेला. फाटकावरच्या शिपायानं त्याला मासिकातल्या फोटोवरून ओळखलं आणि कडक सलाम ठोकला. लांब ओसरी, बंद खोल्या, एकीत नुसत्या एकावर एक रचलेल्या खुर्च्या. मागे साहेबांची खोली. लोखंडी पलंग, कागदांचं टेबल, खिडकीत रेडिओ. साहेब बनियनवर बसले होते आणि दोन्ही पाय एकमेकांवर घासत होते.

"दादा! ये रे, ये. अरे, किती महिन्यांनी! पाय बघ माझे, अजून तसेच गार पडतात."

दादानं इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात घमेलं होतं, शेगडीवर किटली होती. त्याला कुणी सांगितलं नाही. तो गुडघ्यावर बसला, किटली उचलली, घमेल्यात पाणी ओतलं, गार मिसळलं, हात बुडवून अंदाज घेतला. "हं, घाल पाय."

साहेबांनी पाय घातले आणि ओरडले, "आई गं! दादा, भाजलं!"

पाय बाहेर आले ते लालभडक. बाहेरून शिपाई धावत आला, साहेबांनी त्याला हातानंच परत पाठवलं. दादा गोंधळून घमेल्यात पुन्हा हात घालून बघत होता. त्याच्या हाताला पाणी बरोबर होतं.

"बघू," साहेब म्हणाले. त्यांनी दादाचा हात ओढून घेतला, उलटा केला, अंगठ्यानं दाबून पाहिला. "लागतंय?" "नाही." "दादा, हे काय झालं?"

"रोलर," दादा म्हणाला.

साहेब रडले. अगदी खरं रडले, त्यात नाटक नव्हतं. दादाला इतकं अवघडल्यासारखं झालं की पाठ केलेलं वाक्यच विसरायला झालं. मग ते त्याला आठवलं, आणि आठवलं तसं त्यानं घाईघाईनं बोलून टाकलं. पोर तिसऱ्यांदा पहिली आली. हे शेवटचं वर्ष. मला काही नको, तिलाही काही नको. त्यांना सांग, आडनावाकडे बघू नका, गुण बघा.

साहेब म्हणाले, "तू आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नाहीस, दादा."

"नाही."

"हे पहिलंच."

"हो. म्हणजे मागणं नाही हे..."

"कळलं मला." साहेबांनी डोळे पुसले. दारात चष्मेवाले येऊन घड्याळाकडे बघत उभे होते. साहेबांनी दादाचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "बघतो."

घरी आल्यावर बायकोनं उलटतपासणी घेतली. "काय म्हणाले?"

"बघतो म्हणाला."

"कसं म्हणाले? तुमच्याकडे बघून, की खाली बघून?"

"हातांकडे बघून."

बायकोला याचा अर्थ लागेना. पण दादा म्हणाला, "तो रडला गं," आणि मग तिलाही वाटलं, की रडणारा माणूस एक निरोप तरी धाडेल.

तो आठवडा चांगला गेला. खरंच चांगला गेला. दादा रोलरवर गुणगुणत होता. लंबू म्हणाला, "दादा, आज काय विशेष?" तर म्हणाला, "काही नाही रे, हवा चांगली आहे." शेडमध्ये वाफेनं जीव जात होता. पोरीचा कॉलेजातला पांढरा कोट त्यानं पिशवीतून कामावर नेला, स्वतः धुतला, स्वतः इस्त्री केला आणि छातीशी धरून परत आणला. पोर म्हणाली, "बाबा, अजून मुलाखत व्हायचीय." पण तिनं तो अंगात घालून पाहिला. बायको दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिली.

पुढच्या रविवारी साहेबांचं मोठं भाषण होतं. भर मैदान, मुंगी शिरायला जागा नाही. दादाच्या घरी तिघेही टीव्हीसमोर बसले. साहेब तासभर बोलले. मग थांबले, पाण्याचा घोट घेतला, आवाज खाली आणला.

"चला, आला तुमचा नंबर," बायको म्हणाली. पण या वेळी तिनं ते हसून म्हटलं.

"गेल्या रविवारी," साहेब म्हणाले, "माझा थोरला भाऊ माझ्याकडे आला."

बायकोचं हसू होतं तिथेच राहिलं.

"लहानपणी तो माझे गार पडलेले पाय शेकायचा. त्या दिवशीही त्यानं माझ्यासाठी पाणी काढलं. आणि माझे पाय भाजले. का? कारण त्याच्या हातांना आता कढत आणि गार कळत नाही. उभं आयुष्य तुमच्या आमच्या चादरी धुऊन ते हात मेले आहेत. त्या हातांनी मला वाढवलं. ते हात पुढे करून त्यानं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. स्वतःसाठी नाही, लेकीसाठी. पोर हुशार आहे, पहिली आली आहे. एक शब्द टाक, एवढंच म्हणाला. आणि मी..." साहेबांनी चष्मा काढला. "मी माझ्या भावाला नाही म्हणालो."

मैदान उठून उभं राहिलं. एवढ्या टाळ्या जुन्या वाक्याला कधी पडल्या नव्हत्या. बायाबापड्या पदर डोळ्यांना लावत होत्या, दाढीवाले बाप्ये हुंदके देत होते, आणि कॅमेरा एकेकाच्या तोंडावर जाऊन थांबत होता.

"नाही नव्हता म्हणाला," दादा टीव्हीकडे बघत म्हणाला. "बघतो म्हणाला होता."

"बघितलं की मग," बायको म्हणाली. ती उठली आणि पुन्हा बसली. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. अहो, तुम्ही गेलात कशाला? मी पाठवलं कशाला?"

दारावर थापा पडायला लागल्या. शेजारीपाजारी आत घुसले. "काय बोलले हो साहेब! धन्य तुम्ही! असा भाऊ मिळायला नशीब लागतं!" एका म्हाताऱ्यानं दादाचा हात बघायला मागितला, आणि दादानं तो दाखवला. सगळ्यांनी आळीपाळीनं पाहिला. लेकीनं टीव्ही बंद केला आणि ती बटाटे सोलायला बसली.

लोक गेल्यावर आईनं दबकत विचारलं, "मुलाखत तर आहे ना अजून? गुण तर आहेत?"

"आई," लेक शांतपणे म्हणाली, "आता मला घेतलं तर काका खोटे ठरतील. अख्ख्या देशानं ऐकलंय. कोण घेईल मला?" आणि तिनं पुढचा बटाटा उचलला. साल एकसारखी निघत होती.

दिवेलागणीला फोन वाजला. चष्मेवाल्यांचा मऊ आवाज आला, "साहेब बोलतायत," आणि मग खरखर, आणि मग तो लहानपणापासून ओळखीचा आवाज.

"दादा. रागावलास का रे?"

बायको समोर येऊन उभी राहिली. तिनं दोन्ही मुठी आवळल्या होत्या. बोला, ती नजरेनंच म्हणत होती, आज तरी बोला, वाट्टेल ते बोला.

भावानं विचारलंय, तर खरं काय ते बघून सांगावं, म्हणून दादानं आत शोधलं. काचेची खोली आठवून पाहिली. ओली भिंत आठवली, बदललेला सदरा आठवला. पोरीच्या अंगातला पांढरा कोट आठवला, तिथे तर नक्की सापडेल असं त्याला वाटलं. काही नव्हतं. सुन्न होतं सगळं.

"नाही," तो म्हणाला.

"खरं सांगतोस?"

"खरंच नाही."

"तुला विचारल्याशिवाय मला झोप लागली नसती रे, दादा. देशासाठी करावं लागतं. तुला कळतं. तुलाच कळतं."

"झोप शांत. पाय कसा आहे?"

"फोड आलाय."

"फोडू नकोस. मलम लाव." दादानं फोन ठेवला.

बायकोनं मुठी सोडल्या आणि ती ओसरीत निघून गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे म्हण नव्हती. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात सुरी तशीच.

"बाबा, खरंच नाही आला राग?"

"नाही गं." दादानं तिच्याकडे पाहिलं. "यायला हवा होता ना?"

ती बघत राहिली. मग तिच्या हातातली सुरी खाली पडली आणि ती दारातच बसून रडायला लागली. तिन्ही वर्षांत एकदाही न रडलेली पोर, मघाशी बटाटे सोलणारी पोर, असं रडायला लागली की शेजारच्या खिडक्या उघडल्या. "एकदा तरी, बाबा," ती म्हणत होती, "माझ्यासाठी तरी, एकदा तरी..."

आई धावत आत आली. "काय झालं? अगं, काय झालं? अहो, काय झालं हिला?"

"मी रागावलो नाही," दादा म्हणाला, "म्हणून रडतेय."